ओकुदासान खूश आहेत

पहिल्या भेटीत ओकुदांनी साधा नमस्कारही केला नाही. खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "जपानमध्ये कुठे होतात?"

"नागोयाला. दोन वर्षं," चैत्राली म्हणाली.

"वाटलंच. कारखान्यातलं जपानी आहे तुमचं."

शेजारी उभा असलेला दिग्दर्शक मार्कस दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "काय म्हणतायत?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"माझं जपानी कामाचं आहे म्हणतायत," चैत्रालीनं हसून सांगितलं. "आणि तुम्हाला भेटून आनंद झाला म्हणतायत."

ओकुदांनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

शिगेरू ओकुदांचं वय सहासष्ट. नाव कुणाला आठवत नाही, पण चेहरा सगळ्यांना ओळखीचा, असे जे नट असतात त्यांतले ते. गेली चौतीस वर्षं ते इंग्रजी, फ्रेंच, ऑस्ट्रेलियन सिनेमांत काम करत होते. कुठे टोळीचा म्होरक्या, कुठे तलवारबाजी शिकवणारा गुरू, कुठे कंपनीचा निर्दयी मालक आणि बाकी बहुतेक वेळा सैन्यातला अधिकारी. या सिनेमातही ते अधिकारीच होते. गोष्ट युद्धकाळातल्या, जपान्यांच्या ताब्यातल्या सिंगापूरची होती आणि चित्रीकरण बुकित तिमाह टेकडीच्या मागच्या बाजूला, झाडीतल्या एका जुन्या इंग्रजी बंगल्यात चाललं होतं.

चैत्राली पुण्याची. कॉलेजात असल्यापासून जपानी शिकली, सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली आणि हिंजवडीच्या एका कंपनीत दुभाषी म्हणून लागली; त्यांनीच तिला दोन वर्षं नागोयाच्या कारखान्यात पाठवलं. पलीकडचा जपानी साहेब फोनवर "हे काम लाज वाटण्यासारखं आहे" म्हणायचा, तेव्हा ती टीमला सांगायची, "थोड्या सुधारणा हव्या आहेत." टीमचा प्रमुख चिडून "याला अक्कल आहे का?" म्हणायचा, तेव्हा जपानीत जायचं, "आपल्या मार्गदर्शनाची आम्ही वाट पाहतोय." तिच्या हाताखालून गेलेलं एकही काम भांडणानं तुटलं नाही, आणि तिला त्याचा अभिमान होता. लग्नानंतर ती वरुणबरोबर सिंगापूरला आली, पुंगोलला फ्लॅट झाला, जाई झाली, आणि मग ती स्वतंत्रपणे कामं घेऊ लागली. सिनेमाचं काम मात्र पहिलंच.

पहिले पंधरा-वीस दिवस तिनं नेहमीच्या रीतीनं निभावले. ओकुदा म्हणायचे, "जेवण गुरांना घालतात तसं आहे." ती निर्मितीप्रमुख हुई मिनला सांगायची, "जरा हलकं जेवण मिळालं तर बरं." मेकअपवाल्यांनी त्यांच्या गालावर जखमेचा व्रण रंगवला, तेव्हा ते म्हणाले, "वाईट माणूस ओळखायला यांना खुणा लागतात." ती म्हणाली, "व्रण फार बारकाईनं केलाय म्हणतात." प्रसिद्धीसाठी रोज एकदोन ओळी लागायच्या. चैत्राली लिहून द्यायची, 'ओकुदासान या टीमबरोबर काम करताना खूश आहेत.'

तिसऱ्या आठवड्यात ते फुटलं.

प्रसंग असा होता : बंगल्याच्या व्हरांड्यात एक स्थानिक कारकून माणसांच्या नावांची यादी लिहितोय. या यादीतल्या माणसांना दुसऱ्या दिवशी लॉरीत घालून नेणार आहेत. अधिकारी मागे उभा राहून त्याच्यावर ओरडतो. ओकुदांना दोन ओळी होत्या, त्या कुणीतरी इंग्रजीवरून जपानीत करून दिलेल्या.

जाड लोकरीचा गणवेश, डोक्यावर टोपी, दुपारचे दोन वाजलेले. ओकुदांनी कागद चैत्रालीसमोर धरला.

"हे कुणी लिहिलंय? पहिली ओळ फ्रिजबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकातली वाटते आणि दुसरी दारूच्या अड्ड्यावरची. या हुद्द्याचा माणूस कारकुनावर असा ओरडत नाही. तो हळू बोलेल. 'नावं कृपया सुवाच्य अक्षरात लिहा,' एवढंच म्हणेल. कृपया म्हणेल. त्यानंच अंगावर काटा येईल. सांगा त्याला."

चैत्रालीनं मार्कसला सांगितलं, "ओळी छान आहेत म्हणतात. फक्त आवाज थोडा खाली घेऊन एकदा करून बघू का, असं विचारतायत."

मार्कस घामानं निथळत होता. "त्याला ओरडण्यासाठी आणलंय, सांग. खाली सबटायटल असणार आहेत. वर हा काय बोलतो ते कुणाला कळतंय? नूडल्सची रेसिपी म्हटली तरी चालेल मला. फक्त मोठ्यानं म्हण म्हणावं."

चैत्राली ओकुदांकडे वळली. "आपल्या अनुभवाबद्दल त्यांना फार आदर आहे. पण आज उजेड लवकर जाईल, म्हणून लिहिलंय तसंच करूया म्हणतात."

ओकुदांनी टोपी काढली. कपाळावर तिचा लाल वळ उठला होता. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, स्वच्छ इंग्रजीत बोलले.

"तो नूडल्सची रेसिपी म्हणाला. उजेडाबद्दल एक शब्द बोलला नाही."

व्हरांड्यातली तीस-चाळीस माणसं जागच्या जागी थांबली. चैत्रालीला आधी कळेचना की हे इंग्रजी कुणाच्या तोंडून येतंय.

"ही बाई तीन आठवडे खोटं बोलतेय," ओकुदा हुई मिनला म्हणाले. "मी एक बोलतो, ही दुसरंच सांगते. तुम्ही दुसरं बोलता, ही तिसरंच सांगते. मला वेगळा दुभाषी द्या."

मग त्यांनी टोपी घातली, कॅमेऱ्यासमोर गेले आणि लिहिलेल्या दोन्ही ओळी लिहिल्याप्रमाणे, गळ्याच्या शिरा ताणून ओरडले. पहिल्याच टेकमध्ये मार्कस "उत्तम!" म्हणाला.

चैत्राली बंगल्याच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तिच्या कामाबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं, तेही चारचौघांत. हुई मिन तिच्यामागे आली, पण दिलासा द्यायला नाही. "दुसरा माणूस एवढ्यात मिळणार नाही. तूच राहा. पण तमाशा नकोय मला," एवढं बोलून ती गेली.

त्या दिवशी घरी गेल्यावर जाईनं विचारलं, "मम्मी, व्हाय युअर फेस लाइक दॅट?" वरुणनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोडून दे ना. एवढं काय अडलंय?"

"सोडलं तर तो म्हणाला तेच खरं होईल," चैत्राली म्हणाली. "आता बघच तू. शब्दाला शब्द देते. एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही. मग कळेल त्यांना, मी काय काय गिळत होते ते."

सकाळी ओकुदांच्या हॉटेलवरून बुकित तिमाहला जाणाऱ्या गाडीत दोघं मागच्या सीटवर बसली. गाडी सुटताच तिनं विचारलं.

"इंग्रजी येत होतं तर मला कशाला घेतलंत?"

"करारात लिहून घेतो मी. दुभाषी हवाच म्हणून." ओकुदा खिडकीबाहेर बघत होते. "पहिल्या परदेशी सिनेमात मला अकरा ओळी होत्या. इंग्रजीत. उच्चार कळत नाही म्हणाले आणि तीनच ठेवल्या. मी दोन वर्षं मास्तर लावून उच्चार सुधारला. पुढच्या सिनेमात म्हणाले, आता फार स्वच्छ वाटतो, जरा बिघडवून बोल. तेव्हापासून सेटवर इंग्रजी बोलत नाही. आपल्याला कळत नाही असं वाटलं की माणसं समोरच खरं बोलतात. तेवढं तरी पदरात पडतं."

"आणि दुभाष्याची फजिती होते, त्याचं काय?"

"तुमची फजिती मी नाही केली. तुम्ही मला गेले तीन आठवडे एक आनंदी म्हातारा करून ठेवलंय. मार्कसला ओरडणारा जपानी हवाय, तुम्हाला हसणारा. दोघांत मला तरी काही फरक दिसत नाही."

"मी भांडणं टाळते. ते माझं काम आहे."

"तुमचं काम मी बोललो ते सांगणं," ओकुदा म्हणाले. "माझी भांडणं माझी आहेत. त्यांना हात लावू नका."

तिला त्या माणसाचा भयंकर राग आला.

पुढच्या शनिवारी दुपारी एका विद्यापीठाच्या सभागृहात कार्यक्रम होता. निर्मात्यांनीच ठरवलेला. मंचावर मार्कस, ओकुदा आणि चैत्राली, समोर विद्यार्थी, पत्रकार, काही वयस्क मंडळी. विषय होता, 'आंतरराष्ट्रीय सिनेमा : सीमांपलीकडची कला'. निघण्यापूर्वी हुई मिननं चैत्रालीला बाजूला घेतलं. "तो काहीही बोलला तरी तू सांभाळून घे. तुला जमतं ते." चैत्राली हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

पहिला प्रश्न सूत्रसंचालकाचा होता. आंतरराष्ट्रीय सिनेमानं तुम्हाला काय दिलं?

ओकुदा जपानीत बोलू लागले, आणि दर दोन वाक्यांनंतर तिच्यासाठी थांबू लागले. चैत्रालीनं वहीत पाहत, सपाट आवाजात इंग्रजी केलं.

"चौतीस वर्षांत मी परदेशी पडद्यावर सव्वीस वेळा मेलो. गोळीनं, तलवारीनं, एकदा शार्कच्या तोंडी. त्या सव्वीस माणसांपैकी एकाच्याही घरी कोण आहे, हे मला कुठल्या दिग्दर्शकानं सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणतात, त्याची गरज नाही. या सिनेमातही विचारलं. मार्कस मला म्हणाला, मी नूडल्सची रेसिपी म्हटली तरी चालेल."

सभागृहात थोडं हसू पसरलं. मार्कसही हसला, पण त्याचे डोळे चैत्रालीवर रोखलेले होते. ते जणू म्हणत होते, पुरे आता.

ओकुदा पुढे बोलले. चैत्रालीनं एक क्षण पेन थांबवलं. मग वाचल्यासारखं सांगितलं, "माझ्या शेजारी नेहमी एक माणूस बसवलेला असतो, मी खूश आहे असं सांगायला. आज ही बाई बसली आहे. तिनं तीन आठवडे तुम्हाला खोटं सांगितलं. मी एकही दिवस खूश नव्हतो."

लोकांना तो विनोद वाटला. पुढच्या रांगेतल्या मुली तर टाळ्या वाजवू लागल्या. चैत्राली टाळ्या थांबेपर्यंत थांबली आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, तसंच्या तसं म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही. आपल्याच तोंडानं आपल्याला खोटारडी म्हणताना तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त एक प्रकारची खुन्नस. घ्या. हवं होतं ना तुम्हाला.

मग मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. सत्तरी ओलांडलेल्या, आखूड पांढरे केस, हातात कापडी पिशवी. त्या माइकसाठीही थांबल्या नाहीत.

"माझ्या आईचे दोन भाऊ हौगांगला राहायचे. तेव्हा तिथे शेतं होती. यादीत त्यांची नावं होती. लॉरीत घालून नेलं, परत आले नाहीत. आईनं मरेपर्यंत दोन ताटं जास्त मांडली. तुमच्या अधिकाऱ्याच्या घरी कोण होतं, हे मी का ऐकावं? मला सांगा."

चैत्रालीनं ते सगळं जपानीत सांगितलं. ओकुदांना आधीच कळलं होतं, हे तिला माहीत होतं. तरी ते तिचं वाक्य संपेपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिले. मग बाईंकडे पाहून जपानीत बोलले, आणि चैत्राली त्यांच्यामागून इंग्रजीत.

"ऐकू नका. त्याला माफ करा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या मामांना कुठल्या राक्षसानं नेलं नाही. राक्षस यादी करत नाहीत. माणसांनी नेलं. नीट बोलणाऱ्या, घरी पत्रं लिहिणाऱ्या माणसांनी. तुम्ही पडद्यावर ओरडणारं जनावर दाखवता, तेव्हा आम्ही सुटतो. टोकियोतला प्रेक्षक ते बघतो आणि म्हणतो, आमच्या घरात असा कुणी नव्हता. मीही तसंच म्हणत वाढलो."

पुढचं वाक्य ओकुदांनी इतकं हळू म्हटलं की चैत्रालीला कान त्यांच्याजवळ न्यावा लागला.

"माझे दिवंगत वडील इथे, याच शहरात होते," तिनं इंग्रजीत सांगितलं. "सैन्याच्या कचेरीत कारकून. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आले. ते याद्या लिहायचे. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं."

मार्कसनं स्वतःचा माइक उचलला. "मला वाटतं आपण आता सिनेमाच्या कलेकडे..."

"थांबा," त्या बाई म्हणाल्या. मार्कस थांबला. त्या ओकुदांकडे बघत होत्या. "तुमच्या बापाचं अक्षर कसं होतं, हे ऐकायला मी आले नाही. ते तुमचं ओझं आहे, तुम्ही वाहा. माझ्या दारात आणून टाकू नका."

चैत्रालीनं तेही सांगितलं. शब्दाला शब्द. 'बाप' हा शब्द तिनं मुद्दाम जपानीत तितकाच उघडा ठेवला. ओकुदांनी उभं राहून कमरेत वाकून नमस्कार केला. त्या बाईंनी तो घेतला नाही. पिशवी खांद्याला लावून त्या रांगेतून वाट काढत बाहेर निघून गेल्या.

तासाभरात त्या तीन मिनिटांचा व्हिडिओ सगळीकडे फिरू लागला. कुणी म्हणत होतं, म्हाताऱ्यानं खरं ते सांगितलं. कुणी म्हणत होतं, खुनी कारकुनाचा मुलगा आमच्या गावात येऊन रडगाणं गातो. सिनेमावर बहिष्काराची भाषा सुरू झाली. सोमवारी हुई मिननं चैत्रालीला बोलावून घेतलं.

"सांभाळून घे म्हटलं होतं मी तुला."

"ते जे बोलले तेच मी सांगितलं."

"तेच तर. तुझं काम आजपासून बंद. ओकुदांचंही. त्यांचे उरलेले प्रसंग काढून टाकलेत. त्यांचा अधिकारी आता आधीच मरतो. पाठमोरा दाखवायला दुसरा माणूस आहे आमच्याकडे."

"माझी चूक काय?"

"चूक काही नाही," हुई मिन म्हणाली. "तुझा उपयोग नाही."

चैत्राली तिथून थेट ओकुदांच्या हॉटेलवर गेली. ते खाली लॉबीत बॅग घेऊन विमानतळाच्या गाडीची वाट बघत बसले होते. तिच्या मनात आलं होतं, ते काहीतरी म्हणतील. माफी नको, पण निदान एक वाक्य. तुम्ही नीट काम केलंत, असं काहीतरी.

त्यांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "एक चूक केलीत."

"काय?"

"मी 'वडील' म्हणालो. तुम्ही 'दिवंगत वडील' सांगितलंत. मी दिवंगत म्हणालो नव्हतो. जिवंत आहेत ते. एकशे दोन वर्षांचे. सेन्दाईच्या एका वृद्धाश्रमात असतात. अजून रोज लिहितात. अक्षर तसंच आहे."

चैत्रालीला आठवलं, तो शब्द तिनं विचार करून घातलाच नव्हता. आपोआप आला होता. एवढ्या वयाच्या माणसाचे वडील म्हणजे गेलेलेच असणार, आणि गेलेल्यांबद्दल सभ्यपणे बोलायचं असतं.

"त्या बाईंना कळायला हवं होतं," ओकुदा म्हणाले, "की तो माणूस जिवंत आहे, रोज दुपारी दही खातो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. मीसुद्धा नाही. तुम्ही त्याला मारून टाकलंत. त्या बाईंचं काम सोपं केलंत, माझंही."

ती आयुष्यात पहिल्यांदा वयानं मोठ्या जपानी माणसाशी आदरार्थी रूपं गाळून बोलली. पुण्यात तिच्या जपानीच्या बाईंनी ऐकलं असतं तर वर्गाबाहेर काढलं असतं. "माझं काम गेलंय. तुझ्यामुळे. चाळीस माणसांसमोर तू मला खोटारडी म्हणालास, मग मंचावर पुन्हा. मी तुझ्यासाठी ते स्वतःच्या तोंडानं म्हटलं. आणि तू एका शब्दाचा हिशेब मागतोस? स्वतःच्या बापाला विचारायची हिंमत नाही म्हणून सिनेमावाल्यांशी भांडतोस तू. चौतीस वर्षं."

लॉबीतली दोनचार माणसं वळून बघू लागली. ओकुदांचा चेहरा हलला नाही.

"हे बरोबर आहे," ते म्हणाले. "पण म्हणून तुमची चूक कमी होत नाही."

गाडी आली. त्यांनी स्वतःची बॅग स्वतः उचलली आणि मागे न बघता निघून गेले.

पुढच्या वर्षी सिनेमा आला. चैत्राली गेली नाही. तोवर ती एका इस्पितळात जपानी रुग्णांसाठी दुभाषी म्हणून जाऊ लागली होती. तिथे पहिल्याच आठवड्यात एका बाईला डॉक्टर म्हणाले, "फार तर चार महिने." चैत्रालीनं चार महिनेच सांगितले. बाईंचा नवरा तिच्या अंगावर धावून आला, तुला माणुसकी आहे का म्हणून. नर्सनं मध्ये पडून त्याला बाहेर नेलं.

वरुणनं मात्र तो सिनेमा मुंबईच्या विमानात पाहिला. पोचल्यावर फोन केला.

"तुझा म्हातारा आहे त्यात. चारेक मिनिटं. व्हरांड्यात उभा राहून ओरडतो, तो सीन."

"बरं."

"पण चैत्राली, आवाज त्याचा नाहीये. तू मला त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखवला होतास ना, तो आवाज माझ्या लक्षात आहे. हा कुणी दुसराच आहे. तरुण वाटतो. वरून डब केलंय."

इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये तिचा पुढचा रुग्ण तिची वाट बघत होता.

"ऐकतेस ना?" वरुणनं विचारलं. "त्यांना कळवायला हवं का?"

"कळवते," ती म्हणाली, आणि आत जाण्याआधी उभ्या उभ्याच ओकुदांना जपानीत मेल लिहिला. सिनेमात तुमचा आवाज नाही. ओळी त्याच आहेत की नाही, माहीत नाही. माझ्या नवऱ्यानं पाहिलं, मी नाही. वरती खुशाली विचारली नाही, खाली शुभेच्छा लिहिल्या नाहीत.

उत्तर आलं नाही.